सव्वा तासाच्या वाटेची सतरा वर्षं

बिदरच्या आभाळात विमानांचा तुटवडा कधीच नव्हता. हवाई दलाचा प्रशिक्षण तळ इथलाच, 'सूर्यकिरण' पथकाचा मुक्कामही इथलाच. नऊ विमानांची कवायत गच्चीवरून फुकटात बघायची सवय असलेल्या या गावाला तिकीट काढून बसायचं विमान मात्र 7 फेब्रुवारी 2020 ला मिळालं.

टर्मिनल तर कितीतरी आधीच बांधून पडलं होतं. घोडं अडलं ते कागदावर. मार्च 2008 मध्ये हैदराबादला शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि त्याच्या करारात 150 किलोमीटरच्या आत दुसरा नागरी विमानतळ नको, अशी अट होती. सरळ रेषेत मोजलं तर बिदर तिथून सव्वाशेच्या आसपास. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरनं घात केला. शेवटी तोडगाही नमुनेदार निघाला: शमशाबाद चालवणाऱ्या जीएमआरकडेच बिदरचं टर्मिनल सोपवलं!

शेजारच्या कलबुर्गीला कराराची आडकाठी नव्हती, तरी श्रीनिवास सरडगीजवळ 2008 मध्ये पायाभरणी झाली आणि उद्घाटन उजाडलं 22 नोव्हेंबर 2019 ला. धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, विमान पन्नास आसनांचं.

आता अंतराचं बघू. बिदर ते बेंगळुरू हवेतून साधारण सव्वापाचशे किलोमीटर, रस्त्यानं सातशेच्या घरात. सुरुवातीला ट्रूजेट कंपनीचं पंख्यांचं एटीआर विमान पावणेदोन तासांच्या आत पोचायचं. पुढे आलेलं स्टार एअरचं जेट सव्वा तासात. रेल्वेत रात्र जाऊन वर सकाळही मोडते, त्या मानानं चैनच. पण औरादहून निघालेल्या माणसाचं घड्याळ बिदरच्या चिद्री टर्मिनलवर सुरू होत नाही. तासभर आधी एसटी किंवा जीप, तिथं तासभर बसणं, आणि बेंगळुरूच्या देवनहळ्ळी विमानतळावर उतरल्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या पोराच्या खोलीपर्यंत गर्दीतून आणखी दोन तास. तेही विमान त्या दिवशी असेल तर. नसेल तर तीन तास रस्त्यानं शमशाबाद, आणि तिथं बेंगळुरूची विमानं दिवसभर. म्हणून भालकी-हुमनाबादकडचे जाणते लोक अजून हैदराबादच धरतात. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. हवेतली अर्ध्या तासाची बचत कोण मोजतो, परतीचं विमान नक्की आहे का, हे बघतात.

ती खात्री बिदरला कधी मिळालीच नाही. सुरू होऊन दीड महिना होतो न होतो, तोच 25 मार्च 2020 ला देशभरची उड्डाणं थांबली. पुढे ट्रूजेट गेली. जून 2022 मध्ये स्टार एअर आली, 2023 च्या अखेरीस तीही थांबली, एप्रिल 2025 मध्ये पुन्हा उडू लागली. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या 'उडान' योजनेत तासाभराच्या उड्डाणाच्या निम्म्या जागांना सुरुवातीला अडीच हजारांची मर्यादा होती आणि कंपनीला तूटभरपाई तीनच वर्षं. त्यानंतर विमान स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही अपेक्षा. पन्नास-सत्तर जागा रोज भरायला बिदरसारख्या जिल्ह्याला तेवढा वेळ पुरणार कसा?

आणि इथल्या मराठी घरांची अर्धी ये-जा बेंगळुरूकडे नाहीच. लग्नं लातूर-उदगीरला, नोकऱ्या पुण्या-मुंबईत. त्यांच्या लेखी मोठी गोष्ट विमान नव्हे, ऑक्टोबर 2017 मध्ये पुरी झालेली 110 किलोमीटरची बिदर-कलबुर्गी रेल्वे, आणि लातूरमार्गे रात्रभरात मुंबई गाठणारी गाडी. तिचं आरक्षण मिळवणं हीच सणासुदीला खरी कसोटी.