तोच रंग पुन्हा का जमत नाही?

ओहायोतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ मध्ये गळाला लावायचं मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं. आज अमेरिकेतले अनेक हौशी गळकरी अशी आमिषं घरीच ओततात. एखाद्या रंगाला मासे लागले की तोच रंग पुन्हा हवा असतो, पण छटा हमखास बदलते. का?

कच्चा माल म्हणजे प्लास्टिसॉल, तेलकट द्रवात मिसळलेले पीव्हीसीचे बारीक कण. थंड असताना तो दुधासारखा पांढरा दिसतो. साधारण १७५ अंश सेल्सिअसला कण द्रव शोषून फुगतात आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक होतात. म्हणून खरी छटा तापल्यावरच कळते.

जाडीचाही परिणाम होतो. प्रकाश जितक्या जाड प्लास्टिकमधून जातो, तितका रंग गडद दिसतो. त्यामुळे भांड्यातलं काळपट मिश्रण आमिषाच्या पातळ शेपटीत फिकट भासतं. मिश्रण जास्त तापलं तर पीव्हीसीचं विघटन होऊन ते पिवळं पडतं आणि निळा रंग हिरवट होतो. त्यातून घातक वाफही निघते, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावं.

यावर उपाय म्हणजे नोंदवही. थेंब लहानमोठे पडतात, म्हणून रंग आणि चमकी ग्रॅममध्ये मोजावी. प्लास्टिसॉलचं वजन, रंगाची कंपनी, चमकीचा आकार आणि तापमान लिहावं. प्रत्येक कृतीचा एक नमुना वेगळ्या पिशवीत जपावा, कारण एकत्र ठेवलेल्या आमिषांचे रंग एकमेकांत उतरतात. वजनात लिहिलेली कृती दुप्पट किंवा निम्मी करणंही सोपं जातं.