घरी केलेली स्पीकरची जोडी

डग्गा मोठा असतो. तबला लहान असतो. असे का बरे? डग्ग्यातून घुमणारा खर्ज काढायचा असतो. तबल्यातून बारीक, खणखणीत बोल हवा असतो. पखवाज एकटाच दोन्ही करतो म्हणाल, तर त्यालाही तोंडे दोन आहेतच!

स्पीकरचेही तसेच आहे. चांगल्या पेटीत दोन स्पीकर असतात. मोठा तो वूफर, लहान तो ट्वीटर. वूफरचा पडदा मागेपुढे हलून पुष्कळ हवा ढकलतो. ट्वीटरचा पडदा इवलासा. तो एका सेकंदात हजारो वेळा थरथरतो.

आता गंमत पाहा. सहा इंची वूफर नुसता हातात धरून गाणे लावा. डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही! वूफर बिघडला का? नाही. पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. त्याच वेळी मागची हवा विरळ होते. पुढची हवा कडेने वळून मागे जाते, आणि पुढचा आवाज मागच्या आवाजाला खाऊन टाकतो. म्हणून मागचा आवाज कोंडावा लागतो. लोक पेटीला शोभेची वस्तू समजतात. पण निम्मे काम तीच करते.

पेटी १८ मिलिमीटर जाड प्लायवूडची करावी. रुंदी २० सेंटीमीटर, खोली २५ आणि उंची ३० धरली की आत १५ लिटर हवा मावते. बऱ्याच सहा इंची वूफरना एवढी पुरते. तरी वूफरचे माहितीपत्रक दुकानदाराकडे मागावेच. हे माप आतले आहे, असे सुताराला बजावून सांगा. नाही तर तो बाहेरून मोजतो आणि पेटी लहान होते. सांधे पक्के चिकटवा, फट राहू देऊ नका. अशा दोन पेट्या एकसारख्या करा.

मग कामाची वाटणी. ॲम्प्लिफायरकडून सगळे आवाज एकत्रच येतात. जोराचा खर्ज ट्वीटरमध्ये शिरला, तर त्यातली केसासारखी तार जळते. पैसे पाण्यात! म्हणून त्याच्या वाटेवर कपॅसिटर बसवतात. तो खर्ज अडवतो, बारीक आवाज सोडतो. वूफरच्या वाटेवर तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवतात. ते बरोबर उलटे करते. स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले असेल आणि सेकंदाला ३००० कंपनांपाशी वाटणी हवी असेल, तर कपॅसिटर सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचा व वेटोळे ०.४२ मिलिहेन्रीचे लागते. बाजारात ६.८ चा कपॅसिटर मिळतो, तो चालेल. पण अधिक-उणे खूण नसलेलाच घ्या. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर असले सुटे सामान मिळते.

ही वाटणी बांध घातल्यासारखी नसते बरं का, उतारासारखी असते. थोडा खर्ज ट्वीटरकडे जातोच. तेव्हा आवाज बेताने ठेवावा.

तारा जोडण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल वूफरच्या दोन टोकांना क्षणभर लावा. पडदा पुढे आला, तर सेलचे अधिक टोक जिथे लागले ते वूफरचेही अधिक टोक. तांबडी तार तिथे. ट्वीटरला मात्र सेल लावू नये. एका पेटीत तारा सुलट आणि दुसरीत उलट झाल्या, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, आणि डग्गा पुन्हा गायब! तसे झाले तर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच पेटीच्या तारांची अदलाबदल करा.