मुद्दल शाबूत ठेवण्याचा धडा

बँकेच्या नोकरीत असताना एक गोष्ट मी असंख्य खातेदारांना सांगितली : मुद्दलाला हात लावू नका, व्याजावर भागवा. १९८७ साली ब्रुन्टलंड आयोगाने जगाला ‘शाश्वत विकास’ सांगितला, तो याहून फार वेगळा नव्हता. आपल्या गरजा अशा भागवाव्यात, की पुढच्या पिढ्यांना तोशीस पडू नये. हा संस्कार बालवाडीतच व्हावा, असे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. खरेच आहे. पण तो कोणी कोणावर करायचा?

पावसाळ्याच्या तोंडावर मनोरच्या बाजारात शेवळं विकणारी आदिवासी बाई पाहावी. शेजारी तिची चार वर्षांची पोर. शेवळांत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे आई गिऱ्हाइकाला सांगते. पोर ऐकत असते. वर आलेला कोंब तेवढा खुडायचा, कंद जमिनीत राहू द्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी शेवळं पुन्हा येतात, हे तिने रानात पाहिलेले असते. मुद्दल आणि व्याज तिला केव्हाच कळले आहे! तीच पोर भिंतीवरच्या तक्त्यातले सफरचंद ओळखत नाही, म्हणून ‘मागे पडलेली’ ठरते.

याचे उत्तर आजच्या पालघर जिल्ह्यातच शोधले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शिंपले, माती आली. १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. नाव पोचले, अंगण मात्र पुष्कळदा मागेच राहिले.

दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलांचे रान सुटते, मग रानाची नावेही सुटतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण आणि घरची भाषा यांना महत्त्व दिले आहे. म्हणून सुचवावेसे वाटते : आठवड्यातून एक दिवस अंगणवाडीत एखाद्या आजीला बोलवावे, मुलांना घेऊन रानात जावे. तिथे शिकवण्याची घाई नको. आधी मुलांनाच विचारावे, हे काय आहे? उत्तर त्यांच्या बोलीत आले, तर ते बरोबर धरावे.