कडू भोपळ्याचा गोड नाद

मराठी भाषेनें भोपळ्यास कधीं फारसा मान दिला नाहीं. परीक्षेंत शून्य मिळालें कीं ‘भोपळा मिळाला’ म्हणतात, दोघांचें पटेनासें झालें कीं ‘विळ्याभोपळ्याचें सख्य’ म्हणतात, आणि पंगतींत त्याची भाजी वाढली तर मुलें ती हळूच पानाच्या कडेस सारतात. पण याच कुळांतला एक कडू, अखाद्य भोपळा असा आहे कीं, त्याच्याजवळ बसतांना मोठमोठे गवईहि आधीं हात जोडतात. तो तंबोऱ्याचा भोपळा होय. तो शेतांतून निघून गवयाच्या मांडीपर्यंत कसा येतो, आणि त्यास गोड वाणी कोण देतो, हें वाचकांस थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

आमच्या वालचंदनगराजवळून वाहणारी नीरा नदी इंदापूर तालुक्याच्या टोकास, नरसिंगपूर येथें, भीमेस मिळते. पुढें पंढरपुरास हीच भीमा चंद्रभागा म्हणवते. त्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलुखांत, भीमाकांठच्या जमिनींत, हा भोपळा पिकतो. तो वेलीवरच पूर्ण पिकूं व वाळूं द्यावा लागतो. कोंवळा तोडला तर साल पातळ राहते आणि नाद उमटत नाहीं. ऐन वाळण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला किंवा नदीचें पाणी शेतांत शिरलें, कीं फळ कुजतें आणि शेतकऱ्याचे सारे श्रम वायां जातात. असें असूनहि कांहीं घराणीं हें पीक घेत आलीं आहेत. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्यास चार फुटांच्या आसपास घेराचें फळ लागतें. कारागीर तें उचलून वजन पाहतो, टिचकी मारून आवाज ऐकतो, आणि मगच पसंत करतो. म्हणजे वाद्याची पहिली परीक्षा फळ असतांनाच, आणि तीहि कानानें, होते.

येथून हीं फळें मिरजेस जातात. मिरज संस्थानांत पटवर्धनांच्या आश्रयानें संगीत वाढलें, त्याबरोबर वाद्यें घडविण्याचा धंदाहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें रुजला. त्याचे आद्य पुरुष फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार व झिलई देणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हां पोलादावर बसलेला तो हात लाकडाकडे व तारांकडे वळला, आणि पुढें त्या घराण्यास ‘सतारमेकर’ हेंच आडनांव पडलें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजपाशीं विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेसच. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखां हेहि तेथेंच स्थायिक झाले. १९३७ सालीं ते वारले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे. खांसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तींत निष्णात होते. असे चोखंदळ गवई दारांत उभे राहिल्यावर कारागिरास हयगय करून कसें चालेल? मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ति कारागीर आणि गवई या दोघांनीं मिळून घडविली आहे.

कारागीर भोपळा पाण्यांत भिजवून त्याचा वरचा भाग कापतो, आंतला गर व बिया खरवडून काढतो, आणि तोंड पसरट रहावें म्हणून काठ्यांचा आधार देऊन तो पुन्हां वाळवितो. नंतर तुणीच्या लाकडाचा गळा व पोकळ दांडी सरसानें जोडतो, तोंडावर लाकडाची तबली बसवितो, खुंट्या घालतो, वेलबुट्टी कोरतो, आणि शेवटीं चपडीचें रोगण हातानें घांसून घांसून चढवितो. यांत घाईस जागा नाहीं. ओलें लाकूड किंवा कच्चा सांधा पुढें केव्हां तरी दगा देतोच.

या सर्वांत तबलीचें महत्त्व विशेष. हल्लीं पुष्कळ घरांतून मुलांच्या हातीं गिटार दिसते, तिचेंहि मर्म हेंच आहे. स्पेनमधील प्रख्यात गिटार-कारागीर अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यानें १८६२ सालीं एका गिटारीची पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, आणि वरची फळी तेवढी उत्तम लाकडाची ठेविली. नाद मुख्यतः त्या फळींत असतो, हें त्यास दाखवावयाचें होतें. तंबोऱ्याची तबलीहि जाड राहिली तर नाद कोंडतो, आणि फार पातळ झाली तर तारांच्या ताणानें ती खचते.

इतकें झालें तरी तंबोरा अजून मुकाच असतो. त्यास वाचा फुटते ती जवारीनें. तबलीवरची रुंद घोडी पाहणारास सपाट वाटते, पण तिच्या पाठीस अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उतारास हलकेच स्पर्श करीत कंप पावते, आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या पोटांतले वरचे स्वर झंकारूं लागतात. तार व घोडी यांमध्यें सुताचा किंवा रेशमाचा धागा सरकवून नेमकी जागा साधतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं वीणा व तंबोरा यांविषयीं निबंध लिहिला. साध्या तारेस जेथें छेडावें, तेथें ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु पडतो ते उमटत नाहींत, असा नियम आहे. तो या घोडीपुढें टिकत नाहीं, ते स्वरहि येथें स्पष्ट ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखविलें. खर्जाच्या तारेंतून गांधार आपोआप निघतो, त्यास गवई स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या पांचपट कंपनांचा तो उपस्वर होय.

ही जवारी काढण्यास फूटपट्टी उपयोगाची नाहीं. कारागीर कानस फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, तार उतरवितो, पुन्हां कानस फिरवितो. चार हात कमी पडले तर आवाज बद्द राहतो. चार जास्त पडले तर पुन्हां आरंभापासून काम करावें लागतें. शेठ वालचंद हिराचंद यांच्या नांवाच्या आमच्या गांवांतील कारखान्यांत इस्रोच्या अग्निबाणांचे कोश घडविले गेले आहेत. तशा कामीं केसाच्या अंशाइतकी चूकहि मापून काढावी लागते, आणि तेंच योग्य. पण कारखान्याचे नकाशे कपाटांत राहतात आणि पुढच्या पिढीस मिळतात. जवारीचा कान मात्र माणसाबरोबर जातो. बापाच्या शेजारीं बसून वर्षानुवर्षें ऐकणारा मुलगा असेल, तरच तो मागें उरतो.

आतां खरी काळजीची गोष्ट. विजेच्या तंबोऱ्याची पेटी आली, आणि पुढें तर तंबोरा मोबाइलमध्येंच येऊन बसला. प्रवासांत व परगांवीं त्याची सोय होते, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यांत तार लावावी लागत नाहीं, आणि तार लावणें हीच स्वरज्ञानाची पहिली इयत्ता आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची वार्ता होय. परंतु मानांकनानें नांवाचें रक्षण होतें, कानाचें होत नाहीं. बरी जवारी कोणती आणि वाईट कोणती, हें ओळखणारें गिऱ्हाईकच नाहींसें झालें, तर कारागिरानें घोडीवर दिवस कां घालवावे?

म्हणून ज्यांच्या घरीं आजोबा-आजींचा तंबोरा गवसणींत उभा असेल, त्यांनीं तो बाहेर काढावा. तारांनीं घोडीवर खाचा पाडल्या असतील तर जाणत्याकडून जवारी काढून घ्यावी. घरीं कानस लावूं नये. ओल व कडक ऊन यांपासून वाद्य जपावें. नवा तंबोरा घ्यावयाचा तर नक्षीवर भुलूं नये. पुरुषांचे व स्त्रियांचे तंबोरे निरनिराळ्या मापांचे असतात, यास्तव जो गाणार त्याच्याच स्वरांत तो लावून पहावा. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज संथपणें छेडून, चारींचा मिळून एकच अखंड नाद होतो कीं नाहीं तें ऐकावें. मग दिवेलागणीनंतर रोज घरांतील एका मुलानें किंवा मुलीनें तो लावावा, आणि वडील मंडळींनीं जवळ बसून, आज गांधार ऐकूं आला काय, एवढेंच विचारावें. ज्या घरांत हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरचें मूल उद्यां मिरजेस गेलें तर तेथील कारागिरास खरें गिऱ्हाईक भेटेल.