तंजावरचा राजवाडा

छत्रपती संभाजीनगरजवळील वेरूळ गावी भोसले घराण्याची पाटीलकी होती. तेथील मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे आणि शहाजीराजांचे एक पुत्र व्यंकोजीराजे. हे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू होत. याच व्यंकोजीराजांमुळे वेरूळच्या घराण्याची एक शाखा दूर दक्षिणेत, कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर नगरात, जाऊन रुजली.

तंजावरचा किल्ला व त्यातील राजवाडा हे मूळचे तेथील नायक राजांचे. सोळाव्या शतकात त्यांनी या राजवाड्याचे बांधकाम आरंभिले. भोवती भक्कम तट आणि तटाबाहेर खंदक होता. परंतु इ. स. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकले. तेव्हा विजापूरच्या आदिलशहाने व्यंकोजीराजांना तिकडे धाडले. त्यांनी नगर जिंकून १६७५ च्या सुमारास तेथे आपलेच राज्य स्थापिले. अशा रीतीने नायकांचा वाडा भोसल्यांचे घर झाला.

इ. स. १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले. पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या कंपनीशी तह झाला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाची सत्ता किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा प्रदेश एवढ्यापुरतीच उरली. लढण्यासाठी उभारलेल्या तटाच्या आत आता लढाईचे काहीच काम नव्हते. राज्य गेलेल्या राजाने मग करावे तरी काय?

सरफोजीराजे खचले नाहीत. राजवाड्यातील सरस्वती महाल हे जुने ग्रंथालय त्यांनी भरभराटीस आणिले. काशीयात्रेहून त्यांनी संस्कृत हस्तलिखिते आणिली आणि युरोपातून छापील पुस्तके मागविली. धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांची चित्रांसह टिपणे तेथे ठेविली जात. राजांनी छापखाना घालून इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला.

इ. स. १८५५ मध्ये सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य संपल्याचे जाहीर करून खाजगी मालमत्तेवरही हात टाकिला. राणी कामाक्षीबाईंनी न्यायालयात दाद मागितली. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला.

राज्य गेले, तरी ग्रंथ राहिले. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. तेथे संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांच्या शेजारी तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. घराण्याचे वंशज आजही राजवाड्याच्या एका भागात राहतात. तट आणि खंदक यांना राज्य राखता आले नाही. परंतु एका राजाने आवडीने जमविलेली पुस्तके मात्र त्याचे नाव अद्याप राखून आहेत.