खडक चढणाऱ्या मोटारीचे दांडे

बिनतारी यंत्रानें दूरून हांकली जाणारी व खडक चढणारी दशमांश आकाराची मोटार, म्हणजे ‘रॉक क्रॉलर’, कांहीं वाचकांच्या घरीं असेल. तिचे प्लॅस्टिकचे दांडे भारानें वांकतात. ते घरींहि करतां येतात.

आंस व सांगाडा जोडणाऱ्या या दांड्यांपैकीं खालचे दोन आंसास पुढेंमागें सरकूं देत नाहींत व वरचे त्यास उलथूं देत नाहींत. वरखालीं होणें तेवढें मोकळें राहतें. म्हणून एक चाक दगडावर चढलें तरी इतर चाकें भूमि धरून राहतात.

६ मिलिमीटर जाडीच्या भरीव ॲल्युमिनियमच्या कांबेच्या दोन्ही टोकांत २.५ मिलिमीटरचें भोंक मधोमध पाडावें. तेल सोडून ‘एम ३’ टॅपनें आटे पाडावेत, बिनडोक्याचा स्क्रू बसवावा व त्यावर गोळीचा सांधा फिरवावा. सांध्याच्या एका फेऱ्यास लांबी ०.५ मिलिमीटर बदलते.

लांबी कांबेची नव्हे, छिद्रमध्यापासून छिद्रमध्यापर्यंत मोजावी. फळीवर दोन खिळे ठोकून डावा व उजवा दांडा त्यांवर ताडून पाहावा. फरक राहिल्यास आंस तिरका बसतो व गाडी एका अंगास ओढते.

सर्व्हो सांगाड्यावर असल्यास त्यापासून चाकाकडे जाणारा दांडा व आंसास बाजूनें आवरणारा पॅनहार्ड दांडा शक्य तों समांतर व समान असावेत. नाहींतर आंस हलतांच चाकें आपोआप वळतात.

तयार दांडे बाजारांत मिळतात. तथापि समांतरभुज चौकोनाची व्याख्या घोकणाऱ्या मुलाकडून पहिली जोडी घरींच करवावी. एखादी कांब वांया गेली तरी चिंता नाहीं.