लाली कमी करा म्हटलं तर? : झीब्रशमध्ये रंगाचे लेयर्स सांभाळताना

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

समजा, तुम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा चेहरा घडवलाय, रंगवलाय. उद्या काम द्यायचंय. आणि समोरून मेसेज येतो, ‘मस्त झालंय, फक्त नाकावरची लाली जरा कमी करा ना.’ सगळा रंग एकाच जागी फासला असेल तर बसा रात्रभर. लाली वेगळ्या लेयरवर असेल तर एक स्लायडर मागे घ्यायचा, संपलं काम. हे कसं जमवायचं, ते आज झीब्रशच्या उदाहरणातून बघू.

रंग राहतो कुठे?

झीब्रशमधल्या पॉलीपेंटमध्ये रंग कुठल्या चित्रात साठत नाही, तो मॉडेलच्या बिंदूंवर बसतो. एका बिंदूला एक रंग. म्हणजे बिंदू कमी, तर रंग धूसर. 2048 बाय 2048 च्या टेक्श्चरमध्ये जवळपास 42 लाख पिक्सेल असतात. तुमचं मॉडेल 2 लाख बिंदूंचं असेल तर तेवढा बारकावा येणार कुठून? म्हणून आधी डिव्हाइड करून वरच्या लेव्हलला जा, मग ब्रश उचला. तसंही नवा लेयर सर्वात वरच्या सबडिव्हिजन लेव्हलवरच तयार होतो.

लेयर म्हणजे नोंदवही

फोटो एडिटिंगमुळे आपल्याला लेयर म्हणजे पारदर्शक कागद वाटतो. इथे तो नोंदवहीसारखा आहे. रेकॉर्ड चालू असताना मॉडेलमध्ये जे बदललं ते त्यात लिहिलं जातं, आकारही आणि रंगही. आणि दोन्हींना स्लायडर एकच! गालावरची चामखीळ एकाच लेयरवर उठवली आणि रंगवली, की रंग फिका करताना चामखीळही बसते. म्हणून पहिला नियम: आकाराचा लेयर वेगळा, रंगाचा वेगळा.

आता क्रमाने करू

1. कातडीचा मूळ रंग लेयर न बनवताच फिल ऑब्जेक्टने भरा. सबटूलच्या ओळीतलं छोट्या ब्रशचं चिन्ह चालू आहे ना, ते बघा. ते बंद असेल तर रंग दिसणार नाही.
2. ब्रशचं आरजीबी चालू करा आणि झेडअ‍ॅड बंद करा. नाहीतर रंगवता रंगवता नाकाला टेंगूळ येईल.
3. नवा लेयर घ्या. तो रेकॉर्ड मोडमध्येच उघडतो. लगेच नाव द्या: ‘लाली’, ‘डोळ्याखालचा काळेपणा’, ‘उन्हाचे डाग’. नाव नसेल तर आठवड्याभराने तुमचं तुम्हालाच कळणार नाही की कशात काय आहे.
4. रंग थोडा गडदच लावा. फिका करायला स्लायडर आहेच.
5. झालं की रेकॉर्ड बंद करा. हे विसरलात तर पुढचं सगळं काम ‘लाली’मध्येच जमा होईल.

दोन धोक्याच्या जागा

पहिली, डायनामेश. यात मॉडेलचे बिंदू नव्याने मांडले जातात, आणि आपल्या नोंदी तर जुन्या बिंदूंच्या नावावर. त्यामुळे मोठे आकार आधी पक्के करा, लेयर्स नंतर.

दुसरी, बेक ऑल. हे बटण सगळे लेयर्स मॉडेलमध्ये कायमचे मुरवून टाकतं. दाबण्याआधी फाइलची वेगळी प्रत ठेवा.

टेक्श्चर काढताना यूव्ही तयार हवेत, मॉडेल वरच्या लेव्हलला हवं. पॉलीपेंटवरून नवा मॅप बनवला की त्या क्षणी मॉडेलवर जो रंग दिसतोय तोच उतरतो. याचा फायदाही घेता येतो: ‘उन्हाचे डाग’ लपवून एक मॅप काढा, दाखवून दुसरा. एकाच मेहनतीत दोन चेहरे!

फोनवर नोमॅड स्कल्प्ट वापरणाऱ्यांनो, बटणं वेगळी असली तरी तत्त्व तुम्हालाही लागू आहे. तिथेही रंग बिंदूंवरच असतो आणि लेयर आकार-रंग दोन्ही टिपतो.

तर आज एवढंच करा: चालू मॉडेल उघडा, एक नवा लेयर घ्या, त्याला नाव द्या आणि फक्त लाली रंगवा. मग स्लायडर मागेपुढे करून बघा. भेटू पुढच्या भागात!